दामोदर धर्मानंद कोसंबी : एका गणितज्ञाचा इतिहासप्रवास

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आज बहुतेक सुशिक्षितांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित असते. त्यांनी आयुष्यभर चरितार्थासाठी गणित शिकवले आणि गणितातच संशोधन केले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. इतिहासाची, संस्कृतची, नाणकशास्त्राची किंवा पुरातत्त्वाची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाची बी.ए. ही एवढीच त्यांची शैक्षणिक कमाई, पीएच.डी. त्यांनी केली नाही. तरीही या प्रत्येक विषयात त्यांच्या कामाला वळसा घालून पुढे जाणे नंतरच्या अभ्यासकांना शक्य झाले नाही. जे मोजता येते ते मोजून पाहावे, जे पायी जाऊन पाहता येते ते पाहूनच बोलावे, ही गणितातून आलेली सवय त्यांनी प्रत्येक विषयात नेली. त्या सवयीने त्यांना मोठे यश दिले, आणि जेथे ती सुटली तेथे मोठा फटकाही दिला.

त्यांचे वडील धर्मानंद यांचे जीवन म्हणजे स्वतंत्र कादंबरीचा विषय. गोव्यातील साखवळ गावचा हा तरुण बुद्धाविषयी वाचून इतका भारावला की, पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ज्ञानाच्या शोधात बाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्याची भटकंती झाली. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेले आणि सिंहलद्वीपात भिक्षूंकडून पाली शिकलेले धर्मानंद पुढे हार्वर्डला 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामासाठी बोलावले गेले. ही आवृत्ती छापून बाहेर पडली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. ज्ञानाच्या व्यवहारात काम एकाने करावे आणि फळ दिसेपर्यंत त्याने नसावे, हे या घराला नवे नव्हते.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, तेव्हा मुलाचे बालपण पुण्यात गेले. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा अमेरिकेस निघाले ते अकरा वर्षांच्या दामोदरला आणि मोठी मुलगी माणिक हिला बरोबर घेऊन. हार्वर्डच्या परिसरातील केंब्रिज या गावी मुलाचे शालेय शिक्षण झाले. वडील १९२२ मध्ये परतले. पंधरा वर्षांचा मुलगा शिकण्यासाठी तेथेच राहिला. शाळा संपल्यावर मध्ये काही काळ भारतात काढून त्याने हार्वर्डचे शिक्षण पुरे केले. जर्मन, फ्रेंच, इटालियन, ग्रीक आणि लॅटिन या भाषा त्याने याच वर्षांत हस्तगत केल्या. त्या काळातील अग्रगण्य गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्याला गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. सल्ला शहाणपणाचा होता, आणि तो जन्मभर मानला गेला नाही. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन दामोदर भारतात आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित व जर्मन शिकवू लागले. काशी मराठी माणसाला परकी कधीच नव्हती. वडिलांच्या अन्नछत्राच्या गावात मुलगा प्राध्यापक म्हणून आला.

दोन वर्षांनी त्यांना अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात बोलावणे आले. बोलावणारा होता आंद्रे व्हेय हा पंचविशीतील फ्रेंच गणितज्ञ, जो पुढे विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत गणला गेला. या काळातील एक गमतीची गोष्ट गणिताच्या जगात अजून सांगितली जाते. एका सहकाऱ्याची खोड मोडावी म्हणून व्हेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. काही वर्षांनी व्हेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बूर्बाकी याच टोपणनावाने आधुनिक गणिताची जी ग्रंथमाला लिहिली तिने जगभरच्या अध्यापनाचे वळण बदलले. त्या नावाचा छापील शोधनिबंधातील पहिला उल्लेख अलीगढच्या या विनोदात आहे. १९३२ मध्ये व्हेय यांना अलीगढ सोडावे लागले आणि तो लहानसा गट पांगला. त्यापूर्वी १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी दामोदर यांचा विवाह झाला होता. पती-पत्नी पुण्यास आली आणि वडिलांनी ज्या फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली तेथे मुलगा गणित शिकवू लागला.

पुण्याच्या या वर्षांत त्यांचे जे काम गणितात चिरस्थायी ठरले त्याची कल्पना सामान्य वाचकालाही करून घेता येते. आपण शाळेत शिकतो त्या भूमितीत आधी अंतर मोजण्याची रीत ठरते, आणि मग दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग कोणता हे शोधले जाते. आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातही ग्रह आणि प्रकाश यांचे मार्ग अवकाशाच्या भूमितीवरून ठरतात. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. फेकलेला चेंडू, फिरणारा ग्रह यांचे मार्ग आपल्याला समीकरणांच्या रूपाने आधीच माहीत आहेत. मग त्या मार्गांवरूनच अवकाशाची भूमिती उभी करता येईल काय? शेजारशेजारून निघालेले दोन मार्ग पुढे एकमेकांजवळ राहतात की दूर पांगतात, याचे उत्तर मिळवण्याचे साधन या विचारातून निर्माण झाले. १९३३ मध्ये एका प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि त्याला जोडूनच फ्रान्सचे महान भूमितिज्ञ एली कार्तां यांचे टिपण छापले गेले. पुढे चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी या विषयात भर घातली. आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो आणि एखादी हलती व्यवस्था स्थिर आहे की नाही हे तपासण्यासाठी भौतिकशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत वापरला जातो. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते.

युद्धकाळातील दोन निबंधांचा उल्लेख केलाच पाहिजे. १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी गुंतागुंतीच्या, सतत बदलत्या माहितीतून तिचे मुख्य घटक वेगळे काढण्याची एक रीत मांडली. हीच रीत काही वर्षांनी युरोपातील कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली आणि ती त्यांच्या नावाने रूढ झाली. पुण्यात बसून, युद्धामुळे परदेशी नियतकालिके धड येत-जात नसताना लिहिलेल्या त्या पानांकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. दुसऱ्या निबंधाचे भाग्य चांगले होते. गुणसूत्रावर जनुके एका रेषेत असतात आणि दोन जनुके जितकी दूर तितकी ती पुढच्या पिढीत जास्त वेळा एकमेकांपासून सुटतात. परंतु दोनदा अदलाबदल झाली तर ती सुटलेली दिसतच नाहीत आणि अंतराचा अंदाज चुकतो. जवळजवळच्या अदलाबदली एकमेकींना अडथळा करतात, ही गोष्ट हिशेबात धरून अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी दिले. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे संशोधक हे सूत्र आजही त्यांच्या नावानेच वापरतात. त्यांपैकी किती जणांना या नावाचा गृहस्थ भर्तृहरीचा संपादक होता हे माहीत असेल, कोण जाणे.

इतिहासाकडे ते वळले ते संख्याशास्त्राच्या वाटेने. संख्याशास्त्र शिकायचे तर एखादा खराखुरा प्रश्न सोडवून शिकावे, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. चांदीच्या तुकड्यांवर ठसे उमटवलेल्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगायचे कसे? कोसंबींनी तराजू घेतला. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे अगदी सूक्ष्म प्रमाणात झिजते. जितकी वर्षे ते चलनात राहिले तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. हे खरे आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी चालू व्यवहारातली, टांकसाळीचे साल छापलेली नाणी मोठ्या संख्येने वजन करून पाहिली. रीत पक्की झाल्यावर ती तक्षशिलेला सापडलेल्या हजारावर नाण्यांच्या ठेवीला लावली. ज्यांचा क्रम केवळ तर्काने लावला जात होता त्या ठशांचा क्रम वजनावरून लावता येऊ लागला. मूक धातूला बोलते करण्याचा हा प्रकार आजही वाचताना चकित करतो.

पण क्रम लागला तरी ही नाणी पाडणारे राजे कोण, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर ग्रंथांत, म्हणून संस्कृत आणि पाली हवी. भाषेचा अभ्यास म्हणून भर्तृहरी हाती घेतला, तर प्रत्येक पोथीत श्लोक वेगळे. मग शेकडो हस्तलिखिते मिळवून, ताडून पाहणे आले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आवृत्तीतून असे दिसले की, तीन शतके म्हणून ज्या कवीला आपण ओळखतो त्याचे म्हणून निःशंकपणे सांगता येतील असे श्लोक सुमारे २०० आहेत. बाकीचे कालौघात येऊन मिळालेले. जैन ग्रंथमालेत छापलेले हे संस्कृत सुभाषितांचे पुस्तक त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांच्या स्मृतीला अर्पण केले! भर्तृहरीच्या वैराग्याकडेही ते याच दृष्टीने पाहत. विद्या आहे पण आश्रयदाता नाही, मान हवा पण त्यासाठी मूर्खांच्या दाराशी उभे राहावे लागते, अशा पोटार्थी विद्वानाची ती कविता आहे, असे त्यांनी मांडले. हे मत पुष्कळांना रुचले नाही. मात्र त्यांना विरोध करायचा तर आधी त्यांनीच सिद्ध केलेली संहिता उघडावी लागे.

होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये उभी केली आणि लवकरच कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. घर मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबईस जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. गाडीतला वेळ वाचन-लेखनाचा. या मार्गावर लोणावळ्याच्या अलीकडे कार्ले आणि भाजे यांची लेणी आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी पायी हिंडण्याचा त्यांचा प्रदेशही तोच. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्यांनी बारीक गारगोटीची अश्मयुगीन हत्यारे वेचली. ती कोठे सापडतात याची नोंद करताना त्यांच्या लक्षात आले की, गावाबाहेरच्या देवींची आणि म्हसोबा-वेताळाची कित्येक ठाणी याच जागांच्या आसपास आहेत, आणि धनगरांच्या मेंढ्यांच्या वाटाही तेथूनच जातात. शेंदूर फासलेला तांदळा पाहून सुशिक्षित माणूस हात जोडतो किंवा नाक मुरडतो. कोसंबी तेथे बसून गुरवाला प्रश्न विचारत. नांगर येण्यापूर्वीच्या माणसांची स्मृती त्या दगडात शिल्लक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या भटकंतीचे आणि वाचनाचे फळ म्हणजे १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ. राजांच्या वंशावळी आणि लढाया बाजूला सारून त्यांनी विचारले : शेत कोण नांगरत होते? लोखंड कोठून येत होते? गंगेच्या खोऱ्यातले जंगल कोणाच्या श्रमाने तुटले? उरलेले धान्य कोण आणि कोणत्या हक्काने उचलत होते? भारतातील खेडे स्वयंपूर्ण आणि शतकानुशतके न बदलणारे होते, या मार्क्सच्या मताला त्यांनी मार्क्सवादी असूनही हरकत घेतली, आणि ती अगदी घरगुती पुराव्यानिशी : मीठ आणि धातू बहुतेक खेड्यांत निघत नाहीत, ते बाहेरून आणावे लागतात, मग विनिमय आलाच, व्यापारी आला आणि बदलही आला. सरंजामशाही वरून, म्हणजे राजाने दिलेल्या अधिकारांतून आली, आणि खालून, म्हणजे गावातच जमीनधारकांचा वर्ग प्रबळ होऊन आली, ही त्यांची मांडणी पुढच्या इतिहासकारांच्या वादांचा पाया ठरली. कार्ल्याच्या स्तंभांवर व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद आहे. वडिलांनी बुद्धाच्या करुणेचा शोध घेतला. मुलाने त्या करुणेच्या विहारांना पैसा कोणी पुरवला आणि ते व्यापाराच्या घाटवाटांवरच का खोदले गेले, याचा घेतला. दोघेही आपापल्या परीने एकाच धर्माचा अभ्यास करीत होते.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. आर्यांनी सिंधू संस्कृतीचे बंधारे फोडून तिचा नाश केला, हे त्यांचे मत नंतरच्या उत्खननांनी मान्य केले नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणते प्रश्न विचारावेत, याची यादीच त्यांनी बदलून टाकली.

समकालीन अर्थकारणावरही ते तितक्याच रोखठोकपणे लिहीत. १९४६ मध्ये नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चे परीक्षण करताना त्यांनी युद्धकाळात सबळ झालेल्या भारतीय भांडवलदार वर्गाचे विश्लेषण केले. नेहरूंविषयी त्यांना आदर होता. परीक्षण त्यामुळे सौम्य झाले नाही. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय होते. अणुऊर्जेविषयी तर त्यांची भूमिका उघड होती. उन्हाची एवढी श्रीमंती असलेल्या आणि पैशाची एवढी चणचण असलेल्या देशाने अणुभट्ट्यांऐवजी सूर्याच्या उष्णतेवर संशोधन करावे, असे ते १९५० च्या दशकापासून सांगत आणि लिहीत होते. संस्थेचे संचालक भाभा हेच देशाच्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मताची किंमत कळते.

मतभेदांना गणितानेच आणखी एक कारण पुरवले, आणि येथे कोसंबींची बाजू घेता येत नाही. मूळ संख्या अंकांच्या रांगेत कशा विखुरल्या आहेत, याविषयी जर्मन गणितज्ञ रीमान यांनी १८५९ मध्ये एक अनुमान मांडले. ते आजही सिद्ध झालेले नाही. शुद्ध गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्णीत प्रश्न तोच. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने त्याची सिद्धता सापडल्याचा दावा केला, आणि तो निबंध छापला कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. संख्या-सिद्धांताच्या जाणकारांकडून कसून तपासणी होईल अशी ती जागा नव्हती. सिद्धता टिकली नाही. एकेक नाणे तराजूत घालून पाहणाऱ्या, एकेका श्लोकासाठी पोथ्यांचे ढीग उपसणाऱ्या माणसाने आपल्याच विषयातल्या सर्वांत मोठ्या विधानाला मात्र ती कसोटी लावण्याची सवड दिली नाही. वयाची पन्नाशी, सहकाऱ्यांशी आलेला दुरावा, काहीतरी निर्विवाद सिद्ध करून दाखवण्याची ओढ, अशी कारणे सुचतात. कारणांनी चूक लहान होत नाही. कोसंबींनी मूळ संख्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा या विषयावरील निबंध आला, आणि एस. डुक्रे या टोपणनावानेही त्यांनी काही निबंध प्रसिद्ध केले.

जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठी संस्थेच्या भव्य नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच वर्षी कोसंबींची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. मुंबईची रोजची फेरी थांबली. 'मिथ अँड रिअॅलिटी' हा त्यांच्या लोकदैवतांवरील आणि पुराणकथांवरील निबंधांचा संग्रह त्याच वर्षी निघाला, आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीचा सामान्य वाचकांसाठी लिहिलेला, पुढे अनेक भाषांत गेलेला आलेख. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय निवृत्त शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी ते जोडले गेले. टेकडीवरचे फिरणे चालूच होते. संधिवाताने सांधे धरले होते तरीही.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आल्प्स पर्वतातील विमान अपघातात मरण पावले. २९ जून १९६६ रोजी कोसंबी पुण्यातील घरी झोपेतच गेले. त्यांना एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर अवकाश होता.

त्यांच्यानंतर चौदा वर्षांनी, १९८० मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वतीने त्यांना मरणोत्तर हरी ओम आश्रम पुरस्कार देण्यात आला आणि जन्मशताब्दीनंतर ३१ जुलै २००८ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. धाकटी कन्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या. १९व्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्रियांवर त्यांनी महत्त्वाचे काम केले, आणि उत्तरायुष्यात दोन ग्रंथ सिद्ध केले : एक आजोबांच्या मराठी लेखनाचा इंग्रजी अनुवाद, आणि दुसरा वडिलांविषयी. २०१३ मध्ये तो दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि २०१५ मध्ये त्याही पुण्यात निवर्तल्या.